बोलायला तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो

परदेशात राहायला गेलेल्या माणसाला एकटं का वाटतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: भाषा येत नाही ना. मग उपायही ओघानेच येतो: क्लास लावा. पण क्लास संपवलेला, परीक्षा पास झालेला, बँकेत आणि दवाखान्यात स्वतःचं काम स्वतः उरकणारा माणूससुद्धा चार स्थानिक लोकांत बसला की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प होतो. त्याला शब्द येत असतात, व्याकरणही बऱ्यापैकी येत असतं. कमी पडतो तो वेळ, आणि तोही फार नाही, सेकंद-दोन सेकंद.

या सेकंद-दोन सेकंदांत काय घडतं ते पाहिलं की 'आधी भाषा नीट शिकू, मग माणसं जोडू' हा जवळजवळ प्रत्येक नवागताचा बेत का फसतो, तेही कळतं.

बोलण्याची पाळी चुकते

गप्पांमध्ये एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत किती अंतर असतं? तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा भाषांमधली संभाषणं मोजली होती. हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागत होते, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सर्वांत चटपटीत निघाली, डॅनिश सर्वांत सावकाश, पण त्या दोघींतला फरकही अर्ध्या सेकंदाच्या आतलाच होता.

आता दुसरा आकडा. एखाद्याला चित्र दाखवलं आणि त्यातल्या वस्तूचं नाव त्याच्या मातृभाषेत सांगायला लावलं, तरी मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला ६००, आणि अख्खं उत्तर २०० मध्ये सुरू होतं, हे कसं? कारण समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठे जाऊन थांबणार याचा आपण अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर आतल्या आत जुळवायला घेतो. मातृभाषेत आपण सहसा संपूर्ण ऐकून मग बोलत नाही.

नव्या भाषेत हा अंदाजच बांधता येत नाही. आवाजांच्या ओघातून शब्द सुटे करायचे, त्यांचा अर्थ लावायचा, काय म्हणायचं ते ठरवायचं, त्यासाठी शब्द शोधायचे, क्रियापद कुठे टाकायचं ते आठवायचं, उच्चार जुळवायचा. ही कामं एकत्र होत नाहीत, एकामागून एक होतात. दोन-तीन सेकंद सहज जातात. समोर एकच माणूस असेल तर तो थांबतो. चार-पाच जण असतील तर कुणीच थांबत नाही, आणि त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. रिकामी जागा दिसली की कुणीतरी ती भरतं, संभाषण चालतंच तसं. वाक्य तयार होतं तेव्हा विषय दोन वळणं पुढे गेलेला असतो. असं तीनदा झालं की माणूस चौथं वाक्य जुळवतच नाही.

त्यात गोंगाटाची भर. परकी भाषा ऐकणाऱ्याला पार्श्वभूमीचा आवाज मातृभाषकापेक्षा जास्त त्रास देतो, कारण एखादं अक्षर ऐकू आलं नाही तर ते अंदाजाने भरून काढायला लागणारा साठा त्याच्याकडे नसतो. म्हणजे माणसं जिथे मोकळी होतात, त्या मेजवान्या, सहली, जेवणाच्या सुट्ट्या, नेमक्या त्याच जागा नवागताला सर्वांत अवघड. शांत खोलीत एकट्या शिक्षकासमोर तो छान बोलतो, म्हणून शिक्षकाला वाटतं याचं काही अडत नाही.

मान डोलावण्याचा सापळा

न समजताही मान डोलावणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि सर्वांत महागात पडणारा. आपण मान डोलावली की बोलणारा पुढे सरकतो आणि पुढच्या वाक्याचा पाया आधीच निसटलेला असतो. मग अचानक प्रश्न येतो. 'हो' हे उत्तर तिथे बसत नाही, आणि गेली पाच मिनिटं हा नुसताच हसत होता हे उघड होतं. पुढच्या वेळी लोक त्याच्याशी कमी आणि सोपं बोलतात. त्यालाही वाटतं, बरं झालं.

खरं तर 'काय म्हणालास?' हा प्रश्न मातृभाषकही सतत विचारतात. मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली बारा भाषांतल्या रोजच्या गप्पा तपासल्या, तेव्हा सरासरी दर १.४ मिनिटाला एकदा कुणीतरी कुणाला तरी थांबवून खुलासा विचारताना दिसलं. दीड मिनिटही होत नाही! नवागताला वाटतं की विचारणं ही आपल्या अज्ञानाची कबुली आहे, पण ते संभाषणाचं रोजचं यंत्र आहे.

फक्त विचारायची पद्धत महत्त्वाची. नुसतं 'समजलं नाही' म्हटलं तर समोरच्याला कळत नाही की नेमकं काय समजलं नाही. तो सगळंच पुन्हा सांगतो, बहुधा जास्त मोठ्या आवाजात आणि तितक्याच वेगात. त्याऐवजी जितकं कळलं तितकं बोलून दाखवायचं आणि भोक तेवढं दाखवायचं: 'तू बुधवारी जाणार, पण कुठे?' किंवा 'मंगळवारी की बुधवारी?' यात तीन गोष्टी साधतात. उत्तर छोटं येतं, आपण ऐकत होतो हे दिसतं, आणि संभाषण आपल्या हातून सुटत नाही. नवी भाषा शिकताना अशी पाच-सहा वाक्यं पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ हवीत. रंगांची आणि प्राण्यांची नावं मागाहून आली तरी चालतात.

तसंच वेळ मागून घेणाऱ्या शब्दांचं. मराठीत आपण 'अं', 'म्हणजे', 'कसं आहे ना', 'बघ हं' असं म्हणतो. त्याला अर्थ फारसा नाही, पण 'पाळी माझी आहे, थांबा' एवढं ते सांगतात. प्रत्येक भाषेत असे शब्द असतात आणि पाठ्यपुस्तकात ते क्वचितच सापडतात. ते उचलले की गप्पपणाचे दोन सेकंद विचार करण्याचे दोन सेकंद होतात, आणि समोरचा थांबतो. हुंकारांचंही तेच. 'हं', 'हो का', 'अगं बाई' यांच्या त्या-त्या भाषेतल्या बहिणी वेळेवर आल्या नाहीत तर ऐकणारा थंड, तुसडा वाटतो. त्याच्या मनात तसं काही नसतं, तरी वाटतो.

पुस्तकातली भाषा आणि रस्त्यावरची

मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची कल्पना करा. पुस्तकात त्याने वाचलंय 'तू काय करत आहेस?' आणि कानावर येतं 'कायकरतोयस?' शब्द त्याला माहीत आहेत, पण ऐकू आलेल्या आवाजात ते त्याला सापडत नाहीत. 'मला शब्द येत नाहीत' आणि 'मला येणारा शब्द ओळखू आला नाही' या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. शब्दसंग्रह वाढवून दुसरी सुटत नाही. बहुतेक लोक मात्र ऐकणं जमत नाही म्हणून आणखी शब्द पाठ करत बसतात.

तपासून पाहायची एक साधी रीत आहे. नव्या भाषेतलं एक मिनिटाचं रोजचं बोलणं निवडायचं, ज्याचा लिखित मजकूरही उपलब्ध असेल असं. आधी मजकूर न पाहता तीनदा ऐकायचं. मग तुकड्यातुकड्याने थांबवत जे ऐकू येईल ते लिहायचं. न कळलेल्या जागी रेघ मारायची. मग मजकुराशी ताडायचं आणि प्रत्येक रेघेसमोर खूण करायची: हा शब्द मला माहीतच नव्हता, की माहीत असून ओळखला नाही? शेवटी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा दोनदा ऐकायचं आणि बोलणाऱ्याच्या पाठोपाठ त्याच वेगात म्हणायचं. यात अर्धा तास जातो. आठवड्यातून तीनदा केलं तर महिन्या-दीड महिन्यात आपल्या रेघा कोणत्या जातीच्या आहेत ते स्वच्छ दिसतं. दुसऱ्या प्रकारच्या जास्त असतील तर शब्दांच्या याद्या बाजूला ठेवा आणि कान तयार करा.

शब्द किती लागतात, हाही प्रश्न येतोच. इंग्रजीपुरतं पॉल नेशन यांनी २००६ साली हे मोजलं. एका मुळातून निघालेला शब्दांचा गोतावळा एकच धरला, तर बोलण्यातले सुमारे ९५ टक्के शब्द कळायला ३०००च्या आसपास गोतावळे पुरतात. ९८ टक्क्यांसाठी ६००० ते ७००० लागतात. ९५ टक्के ऐकायला भरघोस वाटतं. पण मिनिटाला १५० शब्द अशी साध्या गप्पांची गती धरली तर ९५ टक्के म्हणजे दर मिनिटाला सात-आठ शब्द अनोळखी. आणि विनोदाची गंमत, टोमण्याचा रोख, कुणाच्या तरी भानगडीचा संदर्भ नेमका त्या सात-आठांत दडलेला असतो. म्हणून सगळं कळूनही सगळे का हसले ते कळत नाही.

अभ्यासक्रम जिथे संपतो

युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ साली भाषेच्या पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली: ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या. आज अनेक देशांची निवासाची आणि नागरिकत्वाची धोरणं या पायऱ्यांवर बेतलेली असतात. या चौकटीत बी-२ चं वर्णन वाचण्यासारखं आहे: मातृभाषकाशी नियमितपणे, दोघांपैकी कुणालाही ताण न पडता बोलता येण्याइतकी सहजता. थोडक्यात, मैत्रीची पायरी ही आहे. बी-१ वर माणूस प्रवासात, कामात, ओळखीच्या विषयांत आपलं भागवून नेतो.

सरकारी अभ्यासक्रम बहुधा बी-१ वर थांबतात. जर्मनीतल्या एकात्मीकरणाच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात भाषेच्या ६०० तासिका आणि समाज-कायद्याच्या ओळखीच्या १०० असतात. भाषेचं उद्दिष्ट बी-१. काम मिळवायला, अर्ज भरायला, डॉक्टरांना दुखणं सांगायला ते पुरेसं आहे, आणि सरकारच्या बाजूने हिशेब चुकीचा नाही. पण माणूस प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो आणि गप्पांमध्ये अजूनही मुकाच असतो. तेव्हा त्याला वाटतं, दोष माझ्यातच आहे. दोष नाही, गाडी त्या स्टेशनापर्यंत जाणारच नव्हती.

भाषा किती लांबची आहे यावरही बरंच ठरतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला स्पॅनिश किंवा इटालियनसारखी भाषा कामापुरती चांगली यायला साधारण ६०० ते ७५० तास वर्गात बसावं लागतं, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना २२०० तास. आणि हे कोण? पगार घेऊन पूर्णवेळ शिकणारे, निवडून घेतलेले अधिकारी. दिवसभर उभ्याने काम करून संध्याकाळी दोन तास वर्गात पेंगणाऱ्या माणसाने स्वतःला त्यांच्या मापाने मोजू नये.

काही प्रदेशांत आणखी एक पाचर असते. वर्गात शिकवतात प्रमाण भाषा आणि रस्त्यावर बोलतात दुसरीच. स्वित्झर्लंडच्या जर्मन भागात शाळेतली जर्मन आणि घरातली स्विस जर्मन यांत मोठं अंतर आहे. अरबी देशांत लिखित अरबी आणि त्या-त्या ठिकाणची बोली यांचं तेच. अशा ठिकाणी पहिल्या सहा महिन्यांतच बोलीचं ऐकणं सुरू करावं. बोलायची घाई नको, पण कानाला ती परकी राहू देऊ नये.

एकटेपणा एक नव्हे

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एकात अगदी जवळचं, जिवाभावाचं माणूस नसतं. दुसऱ्यात आपला गोतावळा नसतो: शेजारी, सहकारी, ओळखीपाळखीचे लोक, जिथे आपली काही जागा आहे असं वर्तुळ. एकाने दुसऱ्याची भूक भागत नाही.

स्थलांतरिताच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे. रोज रात्री तासभर आईशी, भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलणारा माणूस फोन ठेवल्यावर आणखी उदास का होतो? कारण कॉल पहिली भूक भागवतो आणि दुसरी तशीच राहते. जवळच्यांशी बोलणं बंद करा, असा सल्ला काही जण देतात, तो मूर्खपणाचा आहे. ती ऊब लागतेच. पण संध्याकाळचे मोकळे असलेले दोनच तास रोज कॉलमध्ये गेले, तर दुसऱ्या भुकेसाठी वेळच उरत नाही. कॉल ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी ठेवले तर दोन्ही जमतं.

आणि एक तिसरी गोष्ट आहे, जिला वाइस यांच्या वर्गवारीत जागा नाही: स्वतःपासून तुटल्याची भावना. आपल्या भाषेत हजरजबाबी, मिश्कील, वाद रंगवणारा माणूस नव्या भाषेत 'छान', 'चांगलं आहे', 'मला आवडतं' एवढ्यावर येतो. समोरच्याला दिसतो तो एक सज्जन, जरासा मंद गृहस्थ. आपण जे आहोत ते कुणाला माहीतच नाही, हे दुःख माणसांच्या गर्दीतही कमी होत नाही. वयाने मोठ्या आणि आपल्या देशात मान असलेल्या लोकांना ते जास्त बोचतं. नोकरीतला हुद्दा घसरलेला असेल तर विचारूच नका.

इथून चक्र सुरू होतं. जॉन कॅसिओपो आणि लुईस हॉकली यांच्या कामातून एकटेपणाचा एक परिणाम पुढे आला: बराच काळ एकटा राहिलेला माणूस लोकांकडून येणाऱ्या धोक्याच्या खुणा जास्त टिपू लागतो. कुणी घड्याळाकडे पाहिलं की 'माझा कंटाळा आला' असं वाटतं. त्या काळजीत कार्यकारी स्मृतीचा, म्हणजे चालू कामापुरतं डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीचा, मोठा हिस्सा खर्च होतो, आणि वाक्य जुळवायला लागते ती हीच स्मृती. म्हणून बोलणं आणखी अडखळतं. अडखळलं की टाळणं वाढतं, टाळलं की सराव घटतो. भाषा कच्ची म्हणून एकटेपणा, आणि एकटेपणामुळे भाषा कच्ची. 'आधी भाषा, मग माणसं' हा बेत फसतो तो इथे, कारण भाषेचा शेवटचा आणि महत्त्वाचा भाग माणसांतच शिकायचा असतो.

सगळा भार शिकणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. बॉनी नॉर्टन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या पाच स्थलांतरित स्त्रियांचा अभ्यास केला. शिकायची इच्छा त्या सगळ्यांना होती. पण कुणाशी, कुठे, किती बोलता येईल हे त्यांच्या इच्छेवर ठरत नव्हतं. कामाच्या ठिकाणी कुणाच्या बोलण्याला वजन आहे यावर ठरत होतं. 'लाज सोड आणि बोल' हा सल्ला देणाऱ्यांनी आधी हे पाहावं की त्या माणसाचं ऐकून घ्यायला समोर कुणी आहे का.

मैत्रीला लागणारे तास

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीचे तास मोजले. ओळखीचं रूपांतर साध्या दोस्तीत व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणवायला सुमारे ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. कामाच्या ठिकाणी शेजारी बसलेले तास यात फारसे मोजले जात नाहीत.

हा हिशेब नवागताला लावून पाहा. आठवड्याला दोन तासांची एक भेट धरली तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ सहा महिने, आणि तेही त्याच माणसांना भेटलं तर. दर वेळी नव्या मेळाव्यात, नव्या लोकांसमोर तेच नाव-गाव सांगत बसलं तर शंभर तास होऊनही खातं शून्यावरच. भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या बोलक्या बैठका बऱ्याच गावांत असतात. पण जिथे दर वेळी माणसं बदलतात तिथे ओळखपरेडीचा सराव तेवढा होतो. चौकशी करताना पहिला प्रश्न हा विचारावा: तेच लोक दर आठवड्याला येतात का?

सर्वांत चांगली जागा कोणती, तर जिथे हात कामात असतात आणि बोलणं ऐच्छिक असतं. समूहगान, बागकाम, सायकलदुरुस्ती, विणकाम, एखादा सांघिक खेळ, स्वयंसेवकांचा गट. तिथे गप्प राहणं विचित्र दिसत नाही, शब्द डोळ्यांसमोरच्या वस्तूंना चिकटलेले असतात, तीच वाक्यं दर आठवड्याला पुन्हा येतात, आणि तुमची किंमत तुमच्या क्रियापदांवर ठरत नाही. समूहगानाचा तर वेगळाच फायदा: गाण्यात पाळी चुकत नाही, सगळे एकदम म्हणतात.

आणि किरकोळ ओळखींना कमी लेखू नये. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ साली दाखवलं की ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या लोकांशी जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसांना बरं वाटतं. नव्या भाषेत याचं मोल दुप्पट, कारण हे संवाद छोटे आणि पुनरावृत्तीचे असतात. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, त्याच माणसाकडे जा. पहिल्या आठवड्यात नमस्कार, दुसऱ्यात हवामान, तिसऱ्यात 'कालची सुट्टी कशी गेली?' प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा एकच वाक्य जास्त. एकदम दहा वाक्यं न्यायला गेलं की तिसऱ्यालाच गाडी अडते.

जोडीने शिकताना

तू मला तुझी भाषा दे, मी तुला माझी देतो, असा सौदा करणारी जोडी चांगली चालते, पण बऱ्याच जोड्या लवकरच मोडतात. पहिलं कारण, ज्या भाषेत दोघांना जास्त सोपं जातं तिने सगळा वेळ खाल्लेला असतो. उपाय म्हणजे घड्याळ: ३० मिनिटं एक भाषा, गजर झाला की ३० मिनिटं दुसरी, आणि वाक्य अर्धं राहिलं तरी बदलायचं. दुसरं, चुका दुरुस्त करण्याचा अतिरेक. दर वाक्याला टोकलं तर बोलणारा मिटून जातो, आणि अजिबात टोकलं नाही तर शिकणं होत नाही. ऐकणाऱ्याने न थांबवता चुका कागदावर टिपाव्यात आणि शेवटी तीनच सांगाव्यात, ज्यांच्यामुळे अर्थ बिघडला त्या. तिसरं कारण म्हणजे विषय संपणं. समोरासमोर बसून नुसतं बोलत राहणं दोन मित्रांनाही जड जातं. काहीतरी मधे असू द्या: नकाशा, फोटो, एखादा अर्ज, जुळवायची एखादी वस्तू.

समोरचा इंग्रजीवर घसरतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. तो ते सौजन्याने किंवा घाईत करतो. त्याला आधीच सांगून ठेवावं: 'पहिली दहा मिनिटं मी तुमच्या भाषेत प्रयत्न करतो, मग हवं तर बदलू.' मुदत दिली की लोक आनंदाने थांबतात. 'माझ्याशी इंग्रजी बोलूच नका' म्हटलं की टाळतात.

फोनवर बोलणं सर्वांत शेवटी जमतं, कारण तिथे ओठ आणि हातवारे दिसत नाहीत. फोन लावण्याआधी कागदावर चार ओळी: मी कोण, काय हवं आहे, समोरून येऊ शकणारे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं. तारीख, वेळ आणि आकडे स्वतः पुन्हा म्हणून पक्के करून घ्यावेत. सर्वांत जास्त गोंधळ आकड्यांतच होतो.

शब्द पाठ करताना सुटा शब्द घेऊ नका, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य घ्या. आणि ठरावीक, वाढत्या अंतराने उजळणी करा: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे हरमन एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून ठेवलंय.

ज्यांच्यापर्यंत हे पोचत नाही

हे सगळं ज्याला घराबाहेर पडता येतं त्याच्यासाठी झालं. लहान मुलं सांभाळणाऱ्या आईला वर्गाची वेळ जमत नाही. रात्रपाळीत रिकाम्या इमारती साफ करणाऱ्याला आठ तासांत बोलायला कुणी भेटत नाही. म्हातारे आईवडील मुलांकडे राहायला येतात आणि घरातली सगळी भाषेची कामं नातवंडांवर पडतात.

मुलं भाषा भराभर उचलतात, म्हणून त्यांना दुभाषी करणं सोयीचं वाटतं. पत्र वाचून दाखवणं, दुकानात विचारणं ठीक. पण दवाखान्यात आईचं दुखणं मुलाच्या तोंडून सांगायला लावणं चुकीचं आहे. त्याला वैद्यकीय शब्द माहीत नसतात, आई लाजेने अर्धं लपवते, आणि वाईट बातमी आधी मुलाच्या कानावर पडते. बऱ्याच देशांत रुग्णालयं आणि सरकारी कार्यालयं दुभाषा देतात, कधी फोनवरून. वेळ ठरवतानाच आपल्या भाषेचं नाव सांगून मागणी नोंदवावी. ऐन वेळी मागितला तर मिळेलच असं नाही.

आपल्याच भाषकांच्या वस्तीत राहिलं तर भाषा शिकणं मागे पडतं, असं सरसकट म्हटलं जातं. पण मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या मांडणीत आपली संस्कृती टिकवणं आणि नव्या समाजात मिसळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांच्या अभ्यासांत बहुधा दोन्ही करणाऱ्यांचं बरं चाललेलं दिसतं, आणि दोन्हींकडून तुटलेल्यांचं सर्वांत वाईट. घरापासून कामापर्यंत सगळंच वस्तीच्या आत भागत असेल तर मात्र आठवड्यातली एक गोष्ट जाणीवपूर्वक बाहेर ठेवावी.

झोप उडाली, भूक मेली, आवडीच्या गोष्टीत मन लागेना, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर हा भाषेचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टर गाठावा. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी. शक्य असेल तर आपल्या भाषेत बोलणारा समुपदेशक शोधावा. परक्या भाषेत वाईटातलं वाईटही सपाट आवाजात सांगता येतं, कारण त्या शब्दांना बालपणाची धार नसते, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला दुखण्याची खोली कळत नाही.

समोर बसलेल्यांसाठी

स्थानिक माणसाने काय करावं? मोठ्याने बोलू नये. तो बहिरा नाही. शब्द ताणू नयेत आणि व्याकरण मोडूनही बोलू नये, कारण मोडक्या वाक्यातून कुणी शिकत नाही. वेग शब्दांतला कमी करायचा नसतो, शब्दसमूहांच्या मधली विश्रांती वाढवायची असते. समजलं नाही तर पहिल्यांदा तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणा, म्हणजे त्याच्या कानाला दुसरी संधी मिळते. तरीही नाही समजलं तर शब्द बदला. लोक बहुधा उलट करतात: लगेच दुसरं वाक्य टाकतात, आणि ऐकणाऱ्यापुढे एकाऐवजी दोन कोडी उभी राहतात. 'काय वाटतं?' असा मोकळा प्रश्न अवघड, 'हे आवडलं की ते?' हा सोपा. आणि प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. तीन सेकंद फार लांब वाटतात. चारचौघांत असाल तर तेवढा वेळ बाकीच्यांनाही थोपवून धरा, नुसत्या हाताच्या खुणेने.